पस्तीस सेकंद

१२ जुलै २०२५, शनिवार

अहमदाबादला कोसळलेल्या विमानाचा प्राथमिक अहवाल मध्यरात्र उलटल्यावर जाहीर झाला. सकाळी दूध आणायला चोपडा रोडला गेलो, तर टपरीवर निकालही लागून गेलेला. जिभाऊ बाकावर बसल्या बसल्या म्हणाले, "पायलटनीच बंद कयं, आप्पा. दुसरं काय!" चहावाल्यानं गाळणी आपटत मान डोलावली. एक पोरगा म्हणाला, बोइंगवाल्यांनी पैसे चारले असणार. म्हणजे अपीलसुद्धा तिथल्या तिथं दाखल.

थोरल्यानं मोबाइलवर अहवाल पाठवला होता. घरी येऊन वाचला. १५ पानं. १२ जूनला दुपारी विमानानं जमीन सोडली आणि काही क्षणांतच दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच एकामागून एक, सेकंदाभराच्या अंतरानं, बंद झाले. एका वैमानिकानं दुसऱ्याला विचारलं, का बंद केलंस. दुसरा म्हणाला, मी नाही केलं. विचारणारा कोण आणि उत्तर देणारा कोण, ते अहवालानं सांगितलेलं नाही. स्विच पुन्हा चालू झाले, पण तोवर उंचीच उरली नव्हती. विमानातले २४२ पैकी २४१ गेले, खाली मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहाकडचे १९. बंद का झाले, कुणी केले की आपोआप झाले, यावर एक ओळ नाही. टपरीवर मात्र त्याच एका ओळीवर चर्चा रंगली होती.

आमचं धरणगाव सुरत-भुसावळ लाईनवरचं. इथल्या कितीतरी घरांतलं एखादं माणूस सुरतेला नाहीतर अहमदाबादला पोटापाण्याला आहे. त्या दिवशी दुपारी गावात जो तो फोन लावत होता, विमानात आपलं कुणी असण्याची शक्यता नाही हे ठाऊक असूनही.

माझी नोकरी जळगावच्या कोर्टात लघुलेखकाची झाली. रोज गाडीनं अप-डाऊन. त्यातली बरीच वर्षं मोटार अपघाताच्या दाव्यांत गेली. सरतपास, उलटतपास, पंच, डॉक्टर, विमा कंपनीचे वकील. रस्त्यावर दोन-चार सेकंदांत जे घडलं, ते माझ्या टंकलेखन यंत्रातून चाळीस-पन्नास पानं होऊन बाहेर पडायचं. त्यामुळे १५ पानांत एवढं मोजकं लिहिणाऱ्याबद्दल मला आदरच वाटला. जिभाऊंना हे पटणार नाही.

१३ जुलै, रविवार

थोरला म्हणाला, बाबा, एवढं वाचताय तर ‘सली’ बघा. रात्री टीव्हीला जोडून दिला. २०१६ चा सिनेमा. क्लिंट ईस्टवुडचं दिग्दर्शन, टॉम हँक्स वैमानिक. दीड तासाच्या वर जेमतेम सहा मिनिटं. मध्येच नळ आले. आमच्या गावात नळ आले म्हणजे सिनेमा काय, वरातसुद्धा थांबते. टाकी, ड्रम, पिंप भरून पुन्हा बसलो तेव्हा अकरा वाजून गेले होते.

घटना खरी आहे. १५ जानेवारी २००९. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून एअरबस ए-३२० उडालं. आत १५० प्रवासी आणि ५ कर्मचारी. दोन-तीन मिनिटांत, तीन हजार फुटांच्या आत, रानहंसांच्या थव्यात घुसलं आणि दोन्ही इंजिनं बसली. कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर, वय ५७, विमानं चालवण्यात उभा जन्म गेलेला. शेजारी सहवैमानिक जेफ्री स्काइल्स. या जातीच्या विमानाचं प्रशिक्षण त्यानं नुकतंच पुरं केलेलं. पक्षी धडकल्यापासून पाण्यावर टेकेपर्यंत २०८ सेकंद. मागे फिरावं तर लाग्वार्डिया, पुढे जावं तर टेटरबरो, आणि मध्ये दाटीवाटीचं शहर. सलेनबर्गरनं हडसन नदीत विमान उतरवलं. १५५ च्या १५५ वाचले.

सिनेमा सुरू होतो तो मात्र वेगळ्याच ठिकाणी. विमान उंच इमारतींमध्ये घुसतं, आगीचा लोळ उठतो आणि हा माणूस हॉटेलच्या पलंगावर घामाघूम होऊन उठतो. म्हणजे उतरणं होऊन गेलंय. आता पुढचं. मला इथंच सिनेमानं धरलं. आपल्याकडे सुटका झाली की पडद्यावर ‘समाप्त’ येतं. इथं सुटकेनंतर सिनेमा सुरू होतो. लोक रस्त्यात गळ्यात पडतात. बारमध्ये जातो तर तिथं त्याच्या नावाची दारू निघालेली, हंसाच्या नावाची व्होडका आणि वर पाण्याचा शिडकावा. आणि हा आतून पोखरलेला. रात्री रिकाम्या रस्त्यांवर धावत सुटतो, आपलं चुकलं तर नाही ना, हे मनात घोळवत.

ही म्हणाली, "त्याच्या बायकोला एक तरी सीन समोरासमोर द्यायचा होता. बिचारी सगळा सिनेमा फोनवरच बोलतेय." खरंय. लॉरा लिनीसारखी अभिनेत्री घेतली आणि तिला रिसीव्हर देऊन बसवली.

१४ जुलै, सोमवार

सकाळपासून सिनेमातली चौकशी डोक्यात आहे.

तिथल्या तपास मंडळाला, एनटीएसबीला, सिनेमानं खलनायक केलंय. टेबलापलीकडे तीन-चार कोरडे चेहरे. संगणक म्हणतो विमान लाग्वार्डियाला पोचलं असतं, डावं इंजिन थोडं चालूच होतं, घरचं सगळं ठीक आहे ना, शेवटचा घोट कधी घेतला होता. मग शेवटच्या सुनावणीत नकली विमानात बसवलेले वैमानिक सगळ्यांसमक्ष विमान धावपट्टीवर उतरवून दाखवतात. सलेनबर्गर उठून विचारतो, यांनी सराव किती वेळा केला? उत्तर येतं, १७ वेळा. मग तो म्हणतो, आम्हाला काय झालंय हे कळायला वेळ लागला, माणसाला लागणारा वेळ यात धरा. ३५ सेकंद धरतात. आणि विमान इमारतींवर आदळतं. सभागृह गप्प.

प्रसंग झकास जमलाय. हँक्स आवाज जराही चढवत नाही. पण हे असं झालं नव्हतं. ते ३५ सेकंद सलेनबर्गरनं भर सुनावणीत मागून घेतलेले नाहीत. मंडळाच्याच तपासात ती चाचणी झाली. पक्षी धडकताक्षणी वळवलं तर काही वेळा विमान धावपट्टीला लागत होतं. कळायला आणि ठरवायला ३५ सेकंद लागले असं धरून वळवलं, तेव्हा लागलं नाही. मंडळानं अहवालात स्वच्छ लिहिलं की लगेच वळणाऱ्या चाचण्यांत प्रत्यक्षातला विचार करायचा वेळ धरलेला नाही आणि नदीचा निर्णय बरोबर होता. एवढंच काय, दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर करायच्या कामांची जी यादी वैमानिकांच्या हातात होती, ती उंचावरून जाणाऱ्या विमानासाठी बेतलेली होती, एवढ्या कमी उंचीवर ती पुरी होणं शक्यच नव्हतं, हेही त्यांनीच दाखवलं. सलेनबर्गरनं यादीची वाट न बघता शेपटीतलं जादा इंजिन आधीच चालू केलं, त्याचं श्रेयही त्यांनीच दिलं.

म्हणजे तपासणाऱ्यांनी केलेलं सर्वांत चांगलं काम सिनेमानं त्यांच्याकडून काढून नायकाच्या पदरात टाकलं. सलेनबर्गरला स्वतःलाच हे अवघड वाटलं असावं. खऱ्या अधिकाऱ्यांची नावं पटकथेतून बदलायला त्यानंच लावली. भला माणूस.

मला आठवला तो एक ट्रक ड्रायव्हर. पारोळ्याकडचा अपघात, मोटारसायकलवाला गेलेला. विमा कंपनीचे वकील फार हुशार. त्यांनी अंतर काढलं, वेग काढला, कागदावर भागाकार केला आणि विचारलं, ब्रेक इतक्या उशिरा का दाबला? ड्रायव्हर बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "साहेब, तुम्हाला घड्याळ दिसतंय. मला तेव्हा रस्ता दिसत होता." मी लिहून घेत होतो, माझी नजर खाली. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्याची टायरची चप्पल दिसत होती. उत्तर देताना त्याचा उजवा पाय फरशी दाबत होता. दर प्रश्नाला दाबत होता. हे जबाबात कुठं लिहिणार? ‘साक्षीदार थोडा वेळ शांत’ एवढंच टाइप झालं.

१६ जुलै, बुधवार

आज वर्डीच्या अपघाताला चार वर्षं झाली. गावात कुणाच्या लक्षातही नाही. माझ्या साडूचं शेत त्या अंगाला, म्हणून मला आहे.

तापी ओलांडली की चोपडा, आणि चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला वर्डी. १६ जुलै २०२१ ला दुपारी शिरपूरच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेचं छोटं विमान तिथल्या डोंगरात कोसळलं. आत दोघंच, शिकवणारा कॅप्टन आणि शिकणारी मुलगी. कॅप्टन जागीच गेला. मुलगी गंभीर जखमी, पण जिवंत.

तिथं गाडीरस्ता नाही. रुग्णवाहिका येणार कुठून? आधी पोचले ते शेतातले मजूर आणि पाड्यावरचे भिल्ल. मुलीला उचलायचं कशात, हा प्रश्न आला तेव्हा एका भिल्ल बाईनं अंगावरचं नऊवारी सोडून दिलं. त्याची झोळी केली, लाकडाला बांधली आणि चिखलाच्या पायवाटेनं पोरीला खाली आणलं. वर्तमानपत्रांत चार दिवस त्या बाईंचं नाव आलं, सत्कार झाले. साडू सांगत होता, बाई कुणाशी फार बोलल्याच नाहीत. भर पावसात, परक्या पुरुषांच्या घोळक्यात, अंगावरचं लुगडं सोडायचं. विचार करायला त्यांनी किती सेकंद घेतले असतील, ते कुणी मोजलेलं नाही.

याच धरणगावात १८२५ मध्ये आउट्रम साहेबानं भिल्लांची पलटण उभी केली. इंग्रजांच्या कागदपत्रांत आमचं गाव येतं ते प्रामुख्यानं त्यासाठी, भिल्लांना ‘ताळ्यावर आणण्याचं’ ठिकाण म्हणून. त्या काळची दप्तरं लिहिणारे कारकून माझ्याच जातकुळीचे, सांगितलं तेवढं लिहिणारे. त्यांच्या रकान्यांत भिल्ल एकतर दरोडेखोर, नाहीतर शिपाई.

अपघाताच्या कागदांतही अशा माणसाला जागा फार तर पंच म्हणून मिळते. ‘सली’त मला आवडलेला भाग या जागेचाच आहे. विमान पाण्यात टेकलं आणि नदीतल्या फेरीबोटी कुणी न सांगता वळल्या. पहिली बोट चारेक मिनिटांत पोचली, २४ मिनिटांत सगळे बाहेर. बोटवाल्यांपैकी काहींनी सिनेमात स्वतःचंच काम केलंय. त्यांना अभिनय येत नाही, आणि त्यानंच तो भाग उभा राहिलाय.

१९ जुलै, शनिवार

एका अमेरिकन वर्तमानपत्रानं अहमदाबादच्या कॅप्टनकडे बोट दाखवलं. इथल्या वाहिन्यांवर दोन दिवस तेच दळण. काल एनटीएसबीच्या अध्यक्षा जेनिफर होमंडी यांनी सांगितलं की या बातम्या घाईच्या आणि तर्काच्या आहेत, असल्या तपासाला वेळ लागतो. त्याआधी आपल्या तपास संस्थेनंही हेच बजावलं होतं.

एनटीएसबी म्हणजे तेच सिनेमातलं दुष्ट मंडळ. जिभाऊंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्यास्नी काय, त्यास्ना पायलट नाही ना तो."

२४ जुलै, गुरुवार

अमावस्या. उद्यापासून श्रावण. पाऊस अधूनमधून. कपाशीत निंदणीला बाया मिळत नाहीत म्हणून धाकटा वैतागलाय.

जेवताना थोरला म्हणाला, आपल्याकडेही असा सिनेमा झालाच की, ‘रनवे ३४’. बघितलाय मी. २०२२ चा, अजय देवगणनं स्वतःच काढलेला. तोही खऱ्या घटनेवर बेतलेला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये दोहाहून कोचीला आलेलं विमान खराब हवेमुळे उतरू शकलं नाही, तिरुवनंतपुरमला वळलं आणि कितीतरी प्रयत्नांनंतर जवळजवळ रिकाम्या टाकीनं टेकलं. पहिला अर्धा भाग छातीत धडकी भरवणारा आहे. मग अमिताभ येतो आणि शुद्ध हिंदीत चौकशी सुरू करतो. तिथून पुढे मला सारखं वाटत होतं, या साहेबांसमोर मी लघुलेखक असतो तर पेन्सिल मोडली असती. आमच्या कोर्टात एवढं नाटकी बोलणाऱ्या वकिलाला न्यायाधीश चष्म्यावरून बघायचे, बस. पण एक गोष्ट त्या सिनेमानं ‘सली’पेक्षा धीटपणे केली. त्यातल्या वैमानिकाचं खरंच काही चुकलेलं आहे आणि तरी माणसं वाचलेली आहेत. असा माणूस पडद्यावर आणणं अवघड. पुढं देवगणलाही त्याला हिरोच करावंसं वाटलं, ते सोडा.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई. घर भरलंय. भाऊबंद सुरतहून, नाशिकहून, जळगावहून आलेत. रोटांची कणीक मळताना बायांच्या हाताला उसंत नाही. गंगाफळाची भाजी, खीर. रात्रभर अहिराणी गाणी चालतील, उद्या सकाळी बाई वाजतगाजत नदीला जाईल.

चुलत पुतण्या ट्रक चालवतो, सुरत ते नागपूर. पोरांनी त्याला मोबाइलवर ‘सली’तला नदीत उतरण्याचा तुकडा दाखवला. तो दोनदा बघून म्हणाला, "काका, तीन मिनिटं म्हणजे लई झाली. आम्हाला एवढा वेळ कोण देतं!" मग स्वतःहूनच सांगत बसला. मुक्ताईनगरच्या पुढं पहाटे त्याचा डोळा लागला होता, शेजारी क्लीनर नव्हता. हल्ली मालक क्लीनर देत नाही, पगार वाचतो. रात्री नागपूरला माल उतरवायचा आणि तसाच परतीचा भरायचा. गाडी दुभाजकाला घासून थांबली, वाचला. मी विचारलं, पोलिसांनी काय लिहिलं? "काय लिहिणार? चालकाची हयगय."

ही ओळ मी किती वेळा टाइप केली असेल. मालक साक्षीला यायचे, पांढऱ्या कपड्यांत. गाडीचे कागद, परवाना, विम्याची पावती दाखवायचे आणि जायचे. ड्रायव्हर आदल्या दिवशी किती तास झोपला होता, हा प्रश्न त्यांना क्वचितच कुणी विचारला असेल. दाव्याला त्याची गरज नव्हती. पैसे विमा कंपनी देणार, चूक ड्रायव्हरची, फाईल बंद.

७ ऑगस्ट, गुरुवार

कोळिकोडच्या अपघाताला पाच वर्षं.

७ ऑगस्ट २०२०. करोनात अडकलेल्यांना आणणारं दुबईचं विमान, बोइंग ७३७, आत १९० माणसं. कॅप्टन दीपक साठे, आपले नागपूरचे. हवाई दलात विंग कमांडर होते, नंतर प्रवासी विमानांवर आले. शेजारी तरुण सहवैमानिक अखिलेश कुमार. धो धो पाऊस, डोंगर कापून केलेली धावपट्टी. पहिला प्रयत्न सोडून दिला, दुसऱ्यांदा उलट्या बाजूनं आले, विमान पट्टी संपवून दरीत कोसळलं आणि त्याचे तुकडे झाले. दोघंही वैमानिक गेले, एकूण २१ माणसं. आग लागली नाही, म्हणून बाकीचे वाचले. आजूबाजूचे गावकरी करोनाचा प्रतिबंधित भाग असतानाही चिखलात उतरले आणि आपल्या गाड्यांतून जखमींना दवाखान्यात पोचवलं. पुढं त्यांनाच विलगीकरणात बसावं लागलं. मदतीला धावली ती आसपासचीच माणसं, वर्डीसारखंच.

त्या रात्रीपासून आमच्या सगळ्या ग्रुपांवर एकच मजकूर फिरला. साठेंनी तीन घिरट्या घालून इंधन संपवलं, इंजिन बंद केलं, स्वतः जाऊन इतरांना वाचवलं. आईच्या ८४ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. गावागावांत मेणबत्त्या लागल्या. जिभाऊंनी स्टेटस ठेवलं होतं, मीही पुढं पाठवलं असेल.

तपासाचा अहवाल आला सप्टेंबर २०२१ मध्ये. तो कुणी पुढं पाठवला नाही. अडीचशेच्या वर पानं. त्यात संभाव्य कारण लिहिलंय ते कडू आहे. विमान नीट स्थिरावलेलं नसताना कॅप्टननं उतरणं चालू ठेवलं. वारा पाठीमागून. ८,८५८ फुटांच्या पट्टीवर चाकं टेकली ती ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी पट्टी मागे सोडून. सहवैमानिक ‘पुन्हा वर घ्या’ म्हणाला, तरी घेतलं नाही; आणि त्यानंही नियमाप्रमाणे विमान आपल्या ताब्यात घेतलं नाही.

ज्यांनी हे वाचलं त्यांतल्या काहींनी पाच मिनिटांत पुतळा उतरवला. म्हणजे आधी देव, मग गुन्हेगार. दोन्ही वेळा टपरीवरच.

पण अहवाल तिथं थांबत नाही, आणि माझं सगळं म्हणणं यापुढच्या पानांबद्दल आहे. पहिल्या प्रयत्नाच्या वेळी कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. आमच्या रस्त्यांवर मुसळधार पावसात वायपर गेलेली गाडी कुणीही कडेला घेतो. आकाशाला कड नसते. कोळिकोडच्या तळावर कंपनीनं कायम नेमलेला कॅप्टन एकच होता आणि सहवैमानिक २६. साठेंना दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीसाठी तिथंच हजर असणं भाग होतं. दुसऱ्या विमानतळावर वळलं असतं तर सकाळची ड्यूटी अडचणीत आली असती. परत कोळिकोडलाच उतरायची ही ओढ त्या निर्णयामागे होती, असं तपास करणाऱ्यांनी मांडलंय. शेजारच्या तरुणानं ज्येष्ठाला ठामपणे का थांबवलं नाही, दोघांच्या अधिकारातली दरी किती, हेही त्यात आहे. मंगळूरला २०१० मध्ये अशाच डोंगरमाथ्यावरच्या पट्टीवरून विमान खाली जाऊन १५८ माणसं गेली होती. पट्टीच्या टोकाच्या सुरक्षेचा प्रश्न तेव्हापासूनचा.

हे साठेंना निर्दोष ठरवण्यासाठी लिहीत नाही. निम्मी पट्टी सोडून टेकणं ही चूकच, आणि एवढ्या अनुभवी माणसाला ती कळत नव्हती असं मानणं हा त्यांचाच अपमान. पण माझ्या कोर्टात हा दावा आला असता तर ‘चालकाची हयगय’ इथं पान संपलं असतं. तपासणारी माणसं मात्र आदल्या दिवसाकडे गेली, ड्यूटीच्या तक्त्याकडे गेली, एका तळावर एकच कॅप्टन ठेवण्याच्या हिशेबाकडे गेली. हडसनच्या तपासात ३५ सेकंद धरले. इथं त्या संध्याकाळच्या किती तरी आधीपासूनचा काळ धरावा लागला. काम तेच.

अशा अहवालांच्या सुरुवातीलाच छापलेलं असतं की उद्देश अपघात टाळण्याचा, कुणावर दोष ठेवण्याचा नव्हे. पूर्वी मला हे वाक्य सरकारी छापाचं, पळवाटीचं वाटायचं.

सलेनबर्गरचंही एक प्रकरण सिनेमानं उरकून टाकलंय. नदीत उतरून दीड महिनासुद्धा झाला नव्हता, तेव्हा २४ फेब्रुवारी २००९ ला तो अमेरिकन संसदेच्या समितीपुढे बसला आणि म्हणाला की माझा पगार ४० टक्के कापलाय, कंपनीचं निवृत्तिवेतन बुडालंय, अशानं उद्या अनुभवी माणसं या धंद्यात येणार नाहीत. साऱ्या देशानं डोक्यावर घेतलेला माणूस त्या खुर्चीवरून मालकांच्या हिशेबाबद्दल बोलला. माझ्या मते तो प्रसंग नकली विमानाच्या चाचणीपेक्षा मोठा होता. ईस्टवुडसाहेबांना त्यात रस वाटला नसावा.

१० ऑगस्ट, रविवार

जिभाऊंना कोळिकोडच्या अहवालातली पानं छापून दिली होती, निष्कर्ष आणि शिफारशींची. इंग्रजी आहे म्हणून कुरकुरले, पण काट्यावर पस्तीस वर्षं वजनाच्या पावत्या फाडलेला माणूस, आकड्यांना सोडत नाही. काल राखीला लेक आली होती, ती इंग्रजीची शिक्षिका. तिला समोर बसवून वाचून घेतलं.

आज सकाळी टपरीवर पानांची गुंडाळी घेऊन आले. एका आकड्याखाली पेनानं दोनदा रेघ मारलेली. चहा घ्यायच्या आधीच विचारलं, "आप्पा, एक कॅप्टन आणि २६ सहवैमानिक, हे ठरवणाऱ्याचा जबाब कोणत्या पानावर आहे?"

मी म्हटलं, बसा, सगळा अहवाल घरी आहे. तो आणतो, आपण मिळून शोधू. चहावाला म्हणाला, मोठ्यानं वाचा, मला पण ऐकू येऊ द्या.